गोवरात लेकराचे डोळे कसे सांभाळायचे: पहिल्या तापापासून पुढच्या महिनाभरापर्यंत

पळस फुलला, उन्हं चटकायला लागली की आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डोळ्यांच्या खोलीसमोर एखादी तरी आई अशी दिसायचीच, खांद्यावर लेकरू आणि त्याच्या तोंडावर पदर ओढलेला. "तीन दिवस झाले सर, डोये उघडतच नाही हा." पदर बाजूला केला की अंगावरचा गोवर काळपट पडत चाललेला दिसायचा. ताप उतरलेला असायचा, म्हणून घरचे निश्चिंत झालेले असायचे. आणि नेमकं तेव्हाच डोळ्यात काही बिघडायला लागलेलं असायचं.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम केलं. मी डॉक्टर नाही. डोळे तपासणं, औषध कसं घालायचं ते शिकवणं आणि कोणाला तातडीनं पुढे पाठवायचं ते ओळखणं हे माझं काम. तेच इथे लिहितो आहे. लेकराच्या आईबापासाठी, आजीसाठी आणि दारोदार फिरणाऱ्या आशाताईंसाठी, अंगणवाडीताईंसाठी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गोवरात डोळे लाल होतात, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. हे जवळजवळ प्रत्येक लेकराला होतं आणि बहुतेकांचं आपोआप बरं होतं. पण डोळ्याचा काळा भाग, म्हणजे बुबुळ, धूसर दिसायला लागलं किंवा त्यावर पांढरा ठिपका आला, तर ते "गोवराचंच आहे, गोवरासंगच जाईल" असं कधीही समजू नका. ते आपोआप जात नाही. मागे ठेवून जातं ते फूल, म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग, आणि ते जन्मभराचं असतं.

गोवर आधी डोळ्यात दिसतो

अंगावर पुरळ यायच्या तीन-चार दिवस आधीच ताप, कोरडा खोकला, वाहणारं नाक आणि लाल डोळे सुरू होतात. गालाच्या आत, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपकेही काही लेकरांत दिसतात. मग कानामागून, कपाळावरून पुरळ उठतं आणि तोंड, छाती, पोट, पाय असं खाली उतरत जातं.

पावसाळ्यात जी डोळ्यांची साथ येते, "डोये आले" म्हणतो ती, तिच्यात डोळे चिकटतात पण लेकरू एरवी खेळतं. गोवरात लेकरू मलूल असतं, तापानं फणफणलेलं असतं, नाक-डोळे सगळं एकदम वाहतं. ताप आणि लाल डोळे एकत्र दिसले, आणि गावात किंवा वीटभट्टीवर कुठे गोवर निघालेला असला, तर पुरळाची वाट पाहू नका. आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला कळवा. ताप आणि पुरळ असलेल्या प्रत्येक लेकराची नोंद घेणं आणि गरजेप्रमाणे रक्ताचा नमुना घेणं हे त्यांचं ठरलेलं काम आहे. कळवल्यानं तुमच्यावर काही बालंट येत नाही. लेकराला औषध लवकर मिळतं, एवढंच.

पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ आल्यावर चार दिवसांपर्यंत हा रोग दुसऱ्याला लागतो. तेवढे दिवस लेकराला अंगणवाडीत, लग्नात, यात्रेत नेऊ नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिला दूर ठेवा.

डोळाच का बिघडतो

बुबुळावर काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. तो ओला आणि तुळतुळीत राहिला तरच नजर साफ राहते. गोवराचा विषाणू त्या पडद्याच्या वरच्या थरालाही त्रास देतो, म्हणून उजेड टोचतो. शिवाय गोवर अंगातलं अ जीवनसत्त्व झपाट्यानं खर्च करतो. ताप, जुलाब, तोंडातले फोड आणि बंद झालेलं खाणं, या सगळ्यात साठा संपत जातो. लेकरू आधीच हडकुळं असेल तर मुळात साठाच थोडा. अ जीवनसत्त्व संपलं की डोळा कोरडा पडतो, पडद्याला जखम होते, आणि फारच खालावलेल्या लेकरात तो पडदा एक-दोन दिवसांत लोण्यासारखा मऊ होऊन फुटू शकतो.

त्यात भर पडते दोन गोष्टींची. गोवरानं अंगाची ताकद कमी झालेली असते, म्हणून इतर जंतू डोळ्यात शिरतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे आपण प्रेमापोटी डोळ्यात घातलेलं काहीबाही. त्याबद्दल पुढे बोलतो.

पहिलं काम: अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. गोवर झालेल्या प्रत्येक लेकराला, डोळे चांगले दिसत असले तरी, अ जीवनसत्त्वाचा एक डोस त्याच दिवशी आणि दुसरा दुसऱ्या दिवशी मिळायला हवा. यानं डोळे तर वाचतातच, गोवरानं होणारे मृत्यूही कमी होतात.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या पिवळसर सिरपच्या १ मिलीमध्ये १ लाख युनिट असतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला एका वेळी ५० हजार युनिट, म्हणजे अर्धा मिली. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख, म्हणजे १ मिली. वर्षाच्या वरच्या लेकराला २ लाख, म्हणजे २ मिली. डोळ्यात अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची काही खूण दिसली, तर दोन ते चार आठवड्यांनी तेवढाच तिसरा डोस.

हे आकडे तुम्ही घरी मोजून पाजावं म्हणून दिलेले नाहीत. डोस दवाखान्यातच, सिस्टर किंवा डॉक्टरांच्या हातून घ्यायचा. जास्त झालं तर उलट्या, डोकेदुखी होते, तान्ह्या बाळाची टाळू फुगते. आकडे अशासाठी दिले, की दुसऱ्या दिवशीचा डोस राहू नये. तोच नेहमी राहतो. पहिल्या दिवशी माणूस लेकरू घेऊन दवाखान्यात येतो, दुसऱ्या दिवशी ताप कमी असतो, मजुरी बुडते, आणि डोस बुडतो. निघतानाच विचारा: "उद्याचा डोस इथं यायचं की सिस्टर घरी येईल?"

"त्याला तर जंतनाशकासोबत तो डोस मिळाला होता," असं पुष्कळ आया सांगतात. सहा महिन्यांनी मिळणारा नेहमीचा डोस वेगळा, गोवराचा उपचार वेगळा. एक झाला म्हणून दुसरा टळत नाही. मात्र मागच्या महिनाभरातच डोस झाला असेल तर कार्ड दाखवा, ते पाहून डॉक्टर ठरवतील.

डोळे पुसण्याची रीत

साधं काम आहे, पण हात चुकला की जंतू आपणच आत ढकलतो.

१. पाणी उकळून, झाकून, थंड करून ठेवा. मीठ, तुरटी, हळद काही टाकू नका.

२. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे लहान तुकडे करा, तेही पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवा. घरच्या कापसाचा बोळा वापरू नका. आपल्याकडे कापूस घरोघरी असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्याचे तंतू आणि सरकीचा कचरा डोळ्यात अडकतो.

३. हात साबणानं धुवा.

४. तुकडा भिजवून पिळा. डोळा मिटलेला असताना नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा. तो तुकडा टाकून द्या. पुन्हा पुसायचं तर नवा तुकडा. एका डोळ्याचा तुकडा दुसऱ्याला कधीच लावू नका.

५. पापण्या चिकटल्या असतील तर ओढून उघडू नका. ओला तुकडा दोन-तीन मिनिटं हलकेच ठेवा, सुटतात.

६. पुन्हा हात धुवा.

दिवसातून तीन-चार वेळा पुरे. नुसतं पाणी गळत असेल तर एवढंच करायचं, थेंब लागत नाहीत. पू येत असेल तर दवाखान्यातून डोळ्याचं प्रतिजैविक मलम मिळतं. टेट्रासायक्लिनचं मलम असेल तर साधारण दिवसातून तीनदा, सात दिवस. खालची पापणी बोटानं थोडी खाली ओढायची, तांदळाच्या दाण्याएवढं मलम आतल्या लाल भागावर सोडायचं, नळीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. दोन दिवसांत पू कमी झाला नाही तर परत दाखवा.

रोज एकदा दाराशी

गोवराच्या लेकराला अंधाऱ्या खोलीत ठेवायची आपली रीत आहे. दारावर कडुनिंबाचा डहाळा, आत अंधार, बाहेरच्यानं यायचं नाही. यातलं बाहेरच्यांना न येऊ देणं खरंच उपयोगाचं आहे. उजेड टोचत असतो, म्हणून लेकराला सावलीत ठेवणंही बरं. घरच्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण अंधारात पाच-सहा दिवस कोणी त्या डोळ्यांकडे पाहतच नाही, आणि तिथेच घात होतो.

म्हणून रोज सकाळी, उन्हं चढायच्या आधी, लेकराला मांडीवर घेऊन दाराशी बसा. तोंड उजेडाकडे करा, पण थेट उन्हात नको. त्याला आपणहून डोळे उघडू द्या. बोटानं दाबून, ताणून उघडू नका. पडदा आतून मऊ झालेला असेल तर तेवढ्या दाबानंही फुटू शकतो.

आता बुबुळात पाहा. चांगल्या बुबुळात दाराची चौकट आरशासारखी उमटलेली दिसते, कडा साफ, चमक ओली. तुमच्या दुसऱ्या लेकराच्या डोळ्यात आधी पाहून घ्या, म्हणजे फरक कळेल. चमक गेलेली, वाफ धरलेल्या काचेसारखं बुबुळ, चौकटीचं प्रतिबिंब तुटक किंवा पुसट, असं दिसलं तर डोळा कोरडा पडू लागला आहे. राखाडी किंवा पांढरा ठिपका दिसला तर जखम झाली आहे.

पांढऱ्या भागावर, बहुतेक वेळा कानाकडच्या बाजूला, साबणाच्या फेसासारखा चिकटलेला डाग दिसला तर तीही अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण. आणि चालतं लेकरू असेल तर दिवेलागणीला त्याच्याकडे लक्ष ठेवा. दिवसा नीट फिरणारं पोर सांजेला खाटेला धडकतं, ताटातली भाकर चाचपडतं, आईला आवाजावरून शोधतं, तर तो रातांधळेपणा आहे.

दोन परिस्थिती वेगळ्या सांगतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, जेव्हा पू वाढतो, पापण्या खूप सुजतात, फेसाळ डाग किंवा रातांधळेपणा दिसतो, किंवा पुरळ मावळूनही लेकरू डोळे उघडत नाही. आणि त्याच तासाला निघायचं, मग रात्र असो की पेरणी, जेव्हा बुबुळ धूसर होतं, त्यावर ठिपका येतो, एक डोळा दुसऱ्यापेक्षा फार जास्त दुखतो, किंवा डोळ्यातून काही बाहेर आल्यासारखं वाटतं.

आणखी एक, जे फार अशक्त लेकरात दिसतं. ते ग्लानीत असतं, झोपेतही डोळे अर्धे उघडे राहतात. तो उघडा पट्टा वाळतो आणि तिथेच जखम होते. अशा लेकराला दवाखान्यातच ठेवावं लागतं, आणि डोळ्यात ओलावा टिकवणारं मलम द्यायला डॉक्टरांना आठवण करा.

डोळ्यात काय घालायचं नाही

काजळ नाही. सुरमा नाही. मध, तूप, कांद्याचा रस, गुलाबपाणी, कुठल्याही पाल्याचा रस नाही. आईचं दूधसुद्धा डोळ्यात नाही, ते पोटात द्यायचं. जखम असलेल्या पडद्यावर यातलं काहीही पडलं की जंतूंना घर मिळतं, किंवा पडदा भाजतो.

माझ्या खोलीत एकदा दोन वर्षांची एक पोरगी आली होती. गोवर उतरून आठ दिवस झालेले. उजवा डोळा चांगला, डाव्यात मधोमध पांढरं फूल. आजी सोबत होती. कोणीतरी सांगितलेल्या पाल्याचा रस तिनं रोज दोनदा मोठ्या मायेनं पिळला होता. तिला मी काय बोलणार? तिच्या सासूनं तिला तेच शिकवलं होतं. पोरीला नागपूरला पाठवलं, डोळा राहिला, नजर मात्र फारशी आली नाही. त्या आजीचे हात मला अजून आठवतात. म्हणून ही यादी इतक्या कडक शब्दांत लिहितो आहे.

दुकानातल्या थेंबांचं त्याहून वाईट. "डोळे लाल आहेत, थेंब द्या," म्हटलं की कधी कधी स्टेरॉइड असलेली बाटली हाती येते. दोन दिवसांत लाली उतरते, सगळ्यांना बरं वाटतं, आणि खाली जखम पसरत जाते. गोवरानंतर नागिणीच्या जातीचा एक विषाणूही बुबुळावर जखम करू शकतो, तिच्यावर तर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घालू नका. घरात पडलेली जुनी, कोणाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची उरलेली बाटली तर मुळीच नाही.

बुबुळ बिघडलेलं दिसलं तर

डोळ्यावर पट्टी बांधू नका, दाब येतो. लेकरू डोळा चोळत असेल तर त्याचे हात आईनं धरून ठेवावेत. १०८ ला फोन करा. वाटेत पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, लागत असेल तर पाच मिनिटं थांबून अ जीवनसत्त्वाचा डोस पाजून घ्या आणि चिठ्ठीवर वेळेसह लिहून घ्या. पुढच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्या डोसचं काम सुरू झालेलं असतं. लसीकरणाचं कार्ड, आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या सोबत घ्या, आणि घरगुती काही घातलं असेल तर तेही लपवू नका. कोणी रागावलं तरी सांगा, उपचार त्यावर ठरतो.

जिल्हा रुग्णालयात किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाच्या मेडिकल कॉलेजात, सेवाग्रामला, सावंगीला डोळ्यांचे डॉक्टर असतात. धारणीहून किंवा भामरागडहून निघणाऱ्याला ही वाट किती लांब पडते ते मला माहीत आहे. म्हणूनच "उद्या पाहू" म्हणू नका. तिथे डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहतात, जखम असेल तिथे हिरवं चमकतं. घाबरू नका, तो रंग धुऊन जातो. त्यानंतर थेंब तासातासाला, रात्रीसुद्धा घालावे लागतात, म्हणून भरती करतात. तीन-चार दिवस राहायच्या तयारीनं जा. एक मोठं माणूस लेकराजवळ, एक घरच्या लेकरांजवळ, अशी वाटणी निघण्याआधीच करा. मधेच सुटी मागून घरी आलेले डोळे मी फार पाहिले आहेत.

खाऊ घाला

पथ्याच्या नावाखाली लेकराला पाण्यावर ठेवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवा, जास्त वेळा पाजा. तोंडात फोड असतील तर मऊ, कोमट, तिखट नसलेलं द्या. वरण-भातावर तुपाची धार, अंडं, कोहळ्याची (लाल भोपळ्याची) भाजी, पपई, शेवग्याच्या पाल्याचं वरण, पालक, मेथी, आंब्याचे दिवस असतील तर आंबा. फोडणीला बंदी घालू नका, भाजीतलं अ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल-तूप लागतंच. पण जेवणानं साठा हळूहळू भरतो. गोवर चालू असताना जेवण डोसाची जागा घेत नाही.

धाप लागली, छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, जुलाबानं लेकरू सुकलं, पाणीही पिईना, तर डोळ्यांचा विचार बाजूला ठेवून आधी दवाखाना.

पुरळ गेल्यावरचा महिना

धोका पुरळासोबत जात नाही. दाराशी बसून डोळे पाहणं आणखी तीन आठवडे चालू ठेवा. डोळ्यात खूण दिसली होती त्या लेकराचा तिसरा डोस कॅलेंडरवर लिहून ठेवा. अंगणवाडीत वजन करून घ्या. फारच कमी भरलं तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला सांगतील, तिथे जा.

फूल राहिलंच, तर "मोठा झाल्यावर पाहू" म्हणून सोडू नका. लहानपणी ज्या डोळ्यातून साफ दिसत नाही, तो डोळा पाहायला शिकतच नाही, आणि मेंदू त्याला कायमचं सोडून देतो. डोळा तिरळा होऊ लागणं ही त्याचीच खूण. चष्मा, चांगला डोळा काही तास झाकणं, कधी ऑपरेशन, यातलं काय करायचं ते वय वाढायच्या आत ठरावं लागतं.

घरातल्या बाकी लेकरांचं

गोवर-रुबेलाची लस दोनदा: ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि मग १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. राहिली असेल तर पाच वर्षांपर्यंत सिस्टर देतात. घरात गोवर निघाला आणि दुसऱ्या लेकराला लस झालेली नसेल, तर संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस घेतल्यानं रोग टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून त्याच दिवशी विचारा. ज्याला गोवर होऊन गेला त्यालाही बरं झाल्यावर ही लस लागते, कारण तिच्यात रुबेलाचीही लस आहे. पहिल्या लसीसोबत अ जीवनसत्त्वाचा पहिला १ मिलीचा डोस, आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ मिली, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ.

२०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर शाळांतून मोठी मोहीम झाली, ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना लस दिली. त्यानंतर जन्मलेली पोरं त्या मोहिमेत नव्हती, त्यांचा भरवसा फक्त कार्डावर. सगळ्यात जास्त डोस बुडतात ते दिवाळीनंतर वीटभट्टीवर, ऊसतोडीला किंवा दुसऱ्या राज्यात कामाला जाणाऱ्या घरांचे. जायच्या आधी आशाताईकडून तारखा पाहून घ्या. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो नवऱ्याच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये काढून ठेवा. जिथे जाल तिथल्या उपकेंद्रात तो फोटो दाखवला की लस मिळते. गावचा पत्ता तिथला नाही म्हणून ती नाकारता येत नाही.